एका वॅटचा हिशेब

भूगोलाच्या पुस्तकांत पृथ्वीच्या उष्णतेच्या ताळेबंदाची एक आकृती असते. वरून सूर्यप्रकाशाचे शंभर भाग येतात. काही ढगांवरून परततात, काही हवेत शोषले जातात, काही जमिनीपर्यंत पोचतात. शेवटी सगळ्या बाणांची बेरीज केली की बाहेर जाणारे भागही शंभरच भरतात. विद्यार्थी आकृती पाठ करतात, आपण गुण देतो आणि धडा संपतो. पण एखादी चौकस मुलगी विचारू शकते, "जितकी उष्णता येते तितकीच जात असेल, तर पृथ्वी तापते आहे असे का म्हणतात?" प्रश्न अगदी रास्त आहे. आकृतीतले शंभर आणि शंभर हे पूर्णांकात बसवलेले आकडे आहेत. खरा हिशेब किंचित जुळत नाही, आणि तापण्याचे कारण त्या किंचित फरकातच आहे.

आज मान्य असलेले आकडे असे आहेत. सूर्याकडून पृथ्वीच्या दर चौरस मीटरला सरासरी सुमारे ३४० वॅट ऊर्जा मिळते. त्यातील सुमारे ९९ वॅट प्रकाशाच्याच रूपात परावर्तित होऊन अवकाशात जाते. सुमारे २४० वॅट पृथ्वी आपल्या उष्णतेमुळे अवरक्त प्रारणांच्या रूपात बाहेर टाकते. शिल्लक राहते जेमतेम एक वॅट. हा एक वॅट कसा मोजला, त्याची ही हकिगत आहे.

मोजणे किती अवघड आहे हे समजण्यासाठी आमच्या भिवंडीतलेच उदाहरण घेऊ. व्यापारी यंत्रमागवाल्याला सूत वजन करून देतो आणि विणलेले कापड वजन करून परत घेतो. समजा, ३४० किलो सूत आत गेले. ९९ किलो सूत न विणताच परत आले आणि २४० किलो कापड बाहेर पडले. म्हणजे एक किलो कारखान्यात राहिले. पण असे छातीठोकपणे सांगण्याचा अधिकार आपल्याला केव्हा मिळतो? काटा शेकडा एकने चुकत असेल, तर ३४० किलोंमागे चूक होते ३ किलो ४०० ग्रॅम. त्यातून आत जाणारे सूत एका काट्यावर, परत आलेले दुसऱ्यावर आणि कापड तिसऱ्यावर तोलले असेल, तर एका किलोसाठी भांडण्यात काही अर्थ नाही. आधी काटे तपासले पाहिजेत. पृथ्वीच्या ताळेबंदाचा इतिहास हा मुख्यतः काटे तपासण्याचा इतिहास आहे, आणि त्यातला एक महत्त्वाचा भाग पुण्यात घडलेला आहे.

सूर्य तोलणारा काटा

सूर्याकडून किती ऊर्जा येते हे मोजण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न फ्रान्समधील क्लोद पूइये यांनी १८३७-३८ च्या सुमारास केला. काळ्या रंगाच्या चपट्या डबीत पाणी भरायचे, डबी सूर्यासमोर धरायची आणि पाण्याचे तापमान किती भराभर वाढते ते पाहायचे, अशी त्यांची रीत होती. वातावरणात किती प्रकाश शोषला जातो याचा अंदाज त्यांनी वेगवेगळ्या वेळी मोजमाप करून काढला. वातावरणाबाहेर, सूर्यासमोर सरळ धरलेल्या एक चौरस मीटरवर किती ऊर्जा पडते, याचे त्यांचे उत्तर आजच्या एककांत सुमारे १२३० वॅट येते. आजचे मान्य मूल्य १३६१ वॅट आहे. पाण्याच्या डबीने एवढे जवळ पोचणे ही साधी गोष्ट नव्हे.

(१३६१ चे ३४० कसे झाले, हे मुले विचारतील. सूर्याला पृथ्वी एखाद्या चकतीसारखी दिसते, पण पृथ्वीच्या गोल पृष्ठभागाचे क्षेत्रफळ त्या चकतीच्या चौपट असते. म्हणून १३६१ ला चारने भागायचे.)

पुढे स्वीडनचे क्नुट आँगस्ट्रॉम यांनी एक युक्तिबाज उपकरण केले. त्यात धातूच्या दोन सारख्या काळ्या पट्ट्या असतात. एक उन्हात, दुसरी सावलीत. सावलीतल्या पट्टीतून विजेचा प्रवाह सोडून तिला इतके तापवायचे की दोन्ही पट्ट्यांचे तापमान सारखे व्हावे. तेवढी वीज म्हणजेच तेवढे ऊन. हा खऱ्या अर्थाने तराजू झाला. एका पारड्यात सूर्य आणि दुसऱ्यात वीज.

तरीही घोटाळा उरलाच. युरोपात आँगस्ट्रॉम यांचे प्रमाण चाले आणि अमेरिकेत स्मिथसोनियन संस्थेचे. एकाच उन्हासाठी या दोन प्रमाणांत सुमारे साडेतीन टक्क्यांचा फरक पडे. म्हणजे ३४० मध्ये जवळजवळ १२! आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष जुलै १९५७ मध्ये सुरू होणार होते आणि जगभर एकाच वेळी मोजमापे व्हायची होती. त्यासाठी १९५६ मध्ये दोन्हींऐवजी एक सामाईक प्रमाण ठरवण्यात आले. १९५९ पासून निरनिराळ्या देशांची उपकरणे स्वित्झर्लंडमधील दावोस येथे ठराविक काळाने एकत्र आणून ताडून पाहण्याची प्रथाही पडली.

सिमला ऑफिसातले संशोधन

पुण्यात शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस' म्हणून एक ठिकाण आहे. रिक्षावाल्यालाही ते ठाऊक असते, पण हे नाव का पडले ते पुष्कळांना माहीत नसते. भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय पूर्वी सिमल्याला होते. ते १९२८ साली पुण्यात आले आणि लोकांनी नव्या इमारतीला जुन्या गावाचे नाव दिले. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेले, परंतु उपकरणांचा आणि शेतीच्या हवामानाचा विभाग पुण्यातच राहिला.

ताळेबंदाच्या खर्चाच्या बाजूचे, म्हणजे पृथ्वी रात्रंदिवस बाहेर टाकते त्या अवरक्त प्रारणांचे, मोलाचे काम येथे झाले. एल. ए. रामदास आणि एस. आत्मनाथन यांनी १९३२ मध्ये एक विलक्षण निरीक्षण प्रसिद्ध केले. निरभ्र, शांत रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला लागून असावी अशी समजूत होती. त्यांना ती जमिनीपासून थोडी वर आढळली. त्या वेळी अनेकांना हा तापमापीचा दोष वाटला. पुढे राश्के या जर्मन शास्त्रज्ञाने पुण्यात येऊन काळजीपूर्वक मोजमापे केली आणि १९५७ मध्ये या निरीक्षणाला दुजोरा दिला. रामदास यांचे म्हणणे खरे होते. हवेचे थर केवळ जमिनीला टेकून थंड होत नाहीत. ते स्वतःही प्रारणे टाकत असतात.

१९३५ मध्ये के. आर. रामनाथन आणि रामदास यांनी आणखी एक निबंध लिहिला. निरभ्र आकाशाकडून जमिनीकडे परत येणारी उष्णता हवेतल्या बाष्पावर अवलंबून असते, हे सांगणारे एक सूत्र आँगस्ट्रॉम घराण्यातल्याच एका शास्त्रज्ञाने मोजमापांवरून बसवले होते. ते तसे का असते, हे या दोघांनी बाष्पाच्या शोषणाच्या गुणधर्मावरून दाखवून दिले. कोकणातली रात्र उबदार आणि देशावरची थंड का, याचे उत्तर बरेचसे याच सूत्रात आहे. ढग आणि बाष्प हे उष्णता अडवणारे पांघरूण आहे, ही कल्पना त्यामुळे आकड्यांत मांडता आली.

१९४८ मध्ये पुण्याच्या उपकरण विभागात अॅना मणी रुजू झाल्या. केरळात जन्मलेल्या, सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या मणी हवामानाच्या उपकरणांचे शिक्षण घेऊन इंग्लंडहून नुकत्याच परतल्या होत्या. साधी पर्जन्यमापकेही तोवर परदेशातून येत. त्यांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले आणि ती देशात बनू लागली. भूभौतिक वर्षाच्या निमित्ताने त्यांनी भारतात सौर प्रारणे मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले. पुढे ही उपकरणेही पुण्यात तयार होऊ लागली आणि पुणे हे आशियासाठी प्रारणमापकांची तपासणी करणारे एक प्रादेशिक केंद्र झाले. अवरक्त प्रारणे वातावरणात उंचीनुसार कशी बदलतात हे पाहण्यासाठी मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुग्यांतून उपकरणेही सोडली. चुकीचे मोजमाप करण्यापेक्षा मुळीच न केलेले बरे, अशी त्यांची ठाम धारणा होती. ती किती योग्य होती हे पुढे दिसेलच.

वरून पाहण्याची गरज

मात्र जमिनीवर बसून ताळेबंद पुरा होत नाही. पृथ्वीवरून परावर्तित होणारा प्रकाश आपल्यापासून दूर जातो. तो जमिनीवरून दिसणार कसा? एक आडवाट होती. द्वितीया-तृतीयेच्या चंद्रकोरीचा उरलेला भागही अंधुक उजळलेला दिसतो. तो प्रकाश पृथ्वीवरून चंद्रावर जाऊन परत आलेला असतो. त्याची तेजस्विता मोजून पृथ्वी किती प्रकाश परतवते याचा अंदाज फ्रान्सच्या आंद्रे दाँजाँ यांनी केला. परंतु या आणि इतर रीतींनी मिळालेले अंदाज ३५ टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत पसरलेले होते. एवढ्या अनिश्चिततेत एका वॅटचा विचारही शक्य नव्हता.

उपग्रहावरून पहिले मोजमाप केले ते अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या व्हर्नर सुओमी आणि रॉबर्ट पॅरेंट यांनी. सुओमी यांचा १९५३ चा प्रबंध मक्याच्या शेतातील उष्णतेच्या हिशेबावर होता. म्हणजे पुण्याच्या रामदासांप्रमाणे त्यांचीही सुरुवात शेतापासूनच झाली. मग त्यांनी ठरवले की जे एका शेताचे, तेच सगळ्या पृथ्वीचे करायचे. जुलै १९५९ मध्ये त्यांचे उपकरण घेऊन निघालेले रॉकेट उड्डाणानंतर काही सेकंदांतच नष्ट झाले. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला एक्सप्लोरर-७ यशस्वीपणे कक्षेत गेला.

त्यातील युक्ती वर्गात सांगण्यासारखी आहे. आरशांवर बसवलेले लहान अर्धगोल होते. काही काळे, काही पांढरे. काळा गोल सूर्यप्रकाश आणि पृथ्वीची उष्णता दोन्ही शोषतो. पांढरा गोल सूर्यप्रकाश परतवतो, पण अवरक्त प्रारणांच्या बाबतीत तो काळ्याइतकाच शोषक असतो. दोघांच्या तापमानांतील फरकावरून सूर्याचा वाटा आणि पृथ्वीचा वाटा वेगळा करता येतो.

यानंतरच्या काही उपग्रहांची मोजमापे एकत्र करून थॉमस व्हॉन्डर हार आणि सुओमी यांनी १९७१ मध्ये निष्कर्ष मांडला. पृथ्वी समजुतीपेक्षा अधिक काळसर आणि अधिक उष्ण आहे. ती सुमारे ३० टक्केच प्रकाश परतवते. उष्ण कटिबंधात त्यामुळे आधी मानली होती त्यापेक्षा बरीच अधिक ऊर्जा शोषली जाते. ती ध्रुवांकडे वाहून नेण्याचे वाऱ्यांचे आणि सागरप्रवाहांचे कामही तेवढेच मोठे ठरले.

ढगांचा प्रश्न

ढग पृथ्वीला थंड करतात की गरम? दुपारी ढग आला तर बरे वाटते आणि ढगाळ रात्री उकडते, हा आपला अनुभव दोन्ही बाजूंनी साक्ष देतो. निकाल लावला तो ऑक्टोबर १९८४ मध्ये सोडलेल्या एका उपग्रहाने. चॅलेंजर यानातून तो सोडताना त्याचे सौरपट्ट उघडेनात. अंतराळवीर सॅली राइड यांनी यांत्रिक हाताने त्याला हलवून उन्हात धरले, तेव्हा ते उघडले. दोन वर्षांसाठी बनवलेला हा उपग्रह २००५ पर्यंत उपयोगात राहिला.

त्याच्या मोजमापांवरून व्ही. रामनाथन (पुण्याचे के. आर. रामनाथन वेगळे) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये उत्तर दिले. एप्रिल १९८५ मध्ये ढगांनी जगभर सरासरी सुमारे ४४ वॅट सूर्यप्रकाश परतवला आणि सुमारे ३१ वॅट उष्णता अडवून धरली. एकंदरीत ढग पृथ्वीला सुमारे १३ वॅटने थंड ठेवतात.

आपल्या मोसमी पावसाचे ढग मात्र या सरासरीत बसत नाहीत. पुण्याच्या हवामान खात्यातले एम. राजीवन आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले जे. श्रीनिवासन यांनी २००० साली याच मोजमापांवरून दाखवले की पावसाळ्यात आशियाच्या मोसमी प्रदेशात ढगांचा थंडावा ३० वॅटपेक्षाही जास्त आहे. भिवंडीत सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस. दोन्ही दिवशी वातावरणाच्या माथ्यावर मिळणारी सौर ऊर्जा जवळपास सारखी असते. पण मेमध्ये गोदामांचे पत्रे तापून निघतात आणि जुलैत त्याच पत्र्यांवर पाऊस वाजत असतो. जमा तीच, खर्चाचे खाते बदलते.

नाशिकपर्यंत येणारा उपग्रह

ध्रुवांवरून फिरणारे उपग्रह एका ठिकाणावरून साधारण ठरलेल्या वेळी, दिवसा एकदा आणि रात्री एकदा जातात. आपल्याकडचे गडगडाटी ढग मात्र दुपारी वाढतात आणि संध्याकाळी बरसतात. म्हणून भारत आणि फ्रान्स यांनी मिळून मेघा-ट्रॉपिक्स हा उपग्रह तयार केला. श्रीहरिकोट्याहून तो १२ ऑक्टोबर २०११ रोजी सोडण्यात आला. त्याची कक्षा विषुववृत्ताशी केवळ २० अंशांनी कललेली होती. म्हणजे उत्तरेला तो २० अंश अक्षांशापर्यंतच येई आणि वळे. नकाशा पाहा: २० अंशांची रेषा नाशिकवरून जाते, आणि भिवंडी आहे सुमारे १९.३ अंशांवर. अशा कक्षेत वळणाच्या पट्ट्यात उपग्रहाचा वेळ जास्त जातो. झोपाळा टोकाला क्षणभर रेंगाळतो, तसेच हे. त्यामुळे आपल्या अक्षांशावरून तो एका दिवसात अनेकदा आणि रोज वेगळ्या वेळी जाई.

त्यावरील स्काराब नावाच्या फ्रेंच उपकरणात दोन मुख्य मार्ग होते. एक फक्त परावर्तित सूर्यप्रकाश मोजे, दुसरा सगळी प्रारणे. दुसऱ्यातून पहिले वजा केले की पृथ्वीची उष्णता उरे. आपले काम संपल्यावर हा उपग्रह ७ मार्च २०२३ रोजी नियंत्रित रीतीने प्रशांत महासागरावर वातावरणात उतरवून नष्ट करण्यात आला.

चार वॅटची चूक आणि समुद्राची साक्ष

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सर्वांत चांगली मोजमापे सेरेस नावाच्या उपकरणांची आहेत. ती १९९७ पासून वेगवेगळ्या उपग्रहांवर बसवली गेली. टेरा १९९९ मध्ये आणि अॅक्वा २००२ मध्ये गेला. पण या उपकरणांतही परावर्तित प्रकाशात सुमारे एक टक्का आणि उष्णतेत सुमारे अर्धा टक्का अनिश्चितता आहे. आले किती आणि गेले किती यांची सरळ वजाबाकी केली, तर शिल्लक एक नव्हे, चार वॅटहून अधिक येते. इतकी शिल्लक खरी असती तर समुद्र दिसतात त्याच्या कितीतरी पट वेगाने तापले असते.

सूर्याच्या काट्यातही चूक सापडली. २००३ मध्ये गेलेल्या सॉर्स उपग्रहाने सूर्याचा आकडा १३६१ दिला. आधीचे उपग्रह १३६५-६६ सांगत. जुन्या उपकरणांत बाजूने भरकटलेला प्रकाश शिरत होता, हे त्याचे मुख्य कारण निघाले.

मग एक वॅट कोठून आला? समुद्रातून. पृथ्वीवर साठणाऱ्या जादा उष्णतेचा सुमारे ९० टक्के भाग समुद्रात जातो. जगाच्या महासागरांत सुमारे चार हजार आर्गो तरंडे फिरत आहेत. दर दहा दिवसांनी ते २००० मीटर खोल जाऊन वर येतात आणि तापमान कळवतात. त्यांतले भारताचे तरंडे हैदराबादची सागर माहिती संस्था पाहते. या तापमानांवरून जुलै २००५ ते जून २०१५ या दहा वर्षांतली शिल्लक ०.७१ वॅट ठरली, आणि उपग्रहांचे आकडे तिच्याशी जुळवून घेण्यात आले. भिवंडीच्या भाषेत बोलायचे, तर काट्यांवर भरवसा नाही म्हणून कारखान्यातला शिल्लक मालच मोजला.

मग उपग्रह हवेत कशाला? कारण नेहमी सारखेच चुकणारा काटाही बदल अचूक दाखवतो. एखादा काटा दर खेपेला दोन किलो जास्त दाखवत असला, तरी मालात झालेली वाढ त्यावर बरोबर कळते. सेरेसची उपकरणे अशी स्थिर आहेत. नॉर्मन लोएब आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवले की २००५ ते २०१९ या काळात पृथ्वीची शिल्लक जवळजवळ दुप्पट झाली. उपग्रह आणि आर्गो या दोन स्वतंत्र वह्यांत ही वाढ सारखीच निघाली. उष्णता कोठून वाढली, ढग कमी झाल्याने की बर्फ वितळल्याने, हे समुद्र सांगू शकत नाही. ते उपग्रहच सांगतात.

एक वॅट ऐकायला क्षुल्लक वाटतो. पृथ्वीचे क्षेत्रफळ ५१ कोटी चौरस किलोमीटर आहे. त्याने गुणले तर येणारी ऊर्जा जगातल्या सर्व वीजकेंद्रांच्या सरासरी उत्पादनाच्या शंभरपटींहून जास्त होते. ती रात्रंदिवस साठते आहे. म्हणून या वहीत खंड पडू देणे परवडणारे नाही. टेरा आणि अॅक्वा म्हातारे झाले आहेत. त्यांच्या ठरलेल्या वेळा सरकल्या आहेत. नवे उपकरण जुने चालू असतानाच वर गेले पाहिजे, म्हणजे दोघांना ताडून पाहता येते. मध्ये खंड पडला तर नव्या काट्याची तुलना कशाशी करणार?

शिक्षकांनी एक सोपा प्रयोग करून पाहावा. दोन सारखे तापमापी घ्या. एकाच्या फुग्याला काजळी लावा, दुसऱ्याला पांढरा रंग द्या. दोन्ही गच्चीवर उन्हात ठेवा. काळा बराच वर चढेल. सूर्यास्तानंतर पुन्हा पाहा. दोघे जवळपास एकाच अंशावर येतील, कारण रात्रीच्या अवरक्त प्रारणांना पांढराही काळाच. मात्र सुरुवातीला रंग न देता दोन्ही तापमापी तासभर सावलीत शेजारी शेजारी ठेवा आणि त्यांच्यात मुळातच किती फरक आहे ते मुलांना वहीत लिहायला सांगा. ही नोंद केल्याशिवाय पुढची वजाबाकी करू देऊ नका.